वीसटनीवरचं लाल गाठोडं

१

बब्रुवानच्या मरणातून शिवलिंगप्पाला काय मिळणार होतं, याची मी एकदा बसून यादी केली. मी स्टोअरकीपर आहे. यादी केल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही.

मिळकतीच्या बाजूला आलं ते असं. डब्यातली शेंगाची चटणी आता त्याला वाटून खावी लागणार नव्हती. लिंबाखालच्या बाकड्यावर पूर्ण सावली त्याची एकट्याची. तंबाखूची डबी दुप्पट दिवस पुरणार. आणि अणदूरच्या जत्रेत एसटी कुणामुळं हुकली, या दोन वर्षं चाललेल्या वादात आता त्याला विरोध करणारं कुणी उरलं नव्हतं. बस, संपली यादी.

दुसऱ्या बाजूला दोनच ओळी. एकोणीस वर्षांचा सोबती गेला होता. आणि तुरुंग दारात उभा होता.

कारण मालकांनी नेमलेल्या दोन माणसांच्या चौकशीनं एका ओळीत निकाल लावला होता : ‘क्रेनचालकाचा हलगर्जीपणा.’ त्या दोन माणसांतले एक खुद्द मालक, रणधीरराव. दुसरे मेंटेनन्सचे गौरीशंकर साहेब. पोलीस बाहेरच्या तज्ज्ञाच्या अहवालासाठी थांबले होते. त्यात तेच वाक्य आलं की शिवलिंगप्पाला उचलायचं, इतकंच बाकी होतं.

आमचा कारखाना अणदूरच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून. साखर कारखान्यांचे ऊस पिळायचे रोलर इथं दुरुस्तीला येतात. एकेक रोलर म्हणजे पंधरा-सोळा टन लोखंड. ते उचलायला शेडच्या छताखाली, दोन्ही भिंतींकडच्या रुळांवर चालणारी वीस टनांची क्रेन आहे. तिला आम्ही वीसटनी म्हणतो. शिवलिंगप्पा तिच्या केबिनमध्ये बसून दांडीनं हुक वर-खाली करायचा, दांडी मध्ये आणली की थांबवायचा, आणि बब्रुवान तिचा फिटर. वरचा एक, खालचा एक.

दसऱ्यानंतर आठव्या दिवशी सकाळी साडेदहाला रिकामा हुक वर जायला लागला आणि थांबला नाही. तार गुंडाळणाऱ्या ड्रमला जाऊन भिडला, तार तुटली आणि तीनशे किलोचा हुक खाली उभ्या बब्रुवानवर आला.

शिवलिंगप्पा त्या दिवसापासून एकच सांगत होता, “म्या दांडी मधी आणली हुती. त्यो थांबला न्हाय.”

माझ्या रजिस्टरात एक ओळ उघडी पडली होती. बब्रुवानच्या सहीनं भाद्रपदात गेलेला शॅकल, म्हणजे तार अडकवायची लोखंडी कडी. वजन चार किलो. परत आल्याची नोंद नाही. मेलेल्या माणसाच्या नावावरची बाकी कशी मिटवायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात वीसटनी आपली आपण चालायला लागली.

२

शेडला कुलूप होतं. विजेचा मेन बंद करून फ्यूज काढून ठेवले होते. तरी रोज सकाळी क्रेन जिथं सोडली तिथं नसायची. जिथं बब्रुवान पडला होता, बरोबर त्या जागेवर येऊन उभी असायची. गौरीशंकर साहेबांनी माणसं लावून ती ढकलून मागं नेली, खाली खडूची खूण केली. दुसऱ्या दिवशी खूण एकीकडं, क्रेन एकीकडं. तिसऱ्या दिवसापासून माणसं हात जोडूनच तिला मागं ढकलायची.

चौदाव्या दिवशी उमादेवी बिराजदार आल्या. बाई पन्नाशीच्या, सोलापूरकडच्या, पायात सेफ्टी शूज, खांद्याला कापडी पिशवी. उचलायची यंत्रं तपासून दाखला देणं हा त्यांचा धंदा. दाखला मिळाला नाही तर यंत्र बंद. मालक स्वतः फाटकापर्यंत घ्यायला गेले. एरवी ते जावयालाही खुर्चीतूनच या म्हणतात.

“मॅडम, हंगाम तोंडावर आलाय,” मालक म्हणाले. “तीन कारखान्यांचे रोलर अडकलेत. दोन दिवसांत मोकळं करा आम्हाला.”

“मोकळं कुणाला करायचं ते बघूया की,” बाई म्हणाल्या. “आधी तुमचा स्टोअरवाला द्या माझ्याबरोबर. रजिस्टर ठेवणारा माणूस मला आवडतो. त्याला खोटं बोलायला फार मेहनत पडते.”

अशा रीतीनं मी त्यांच्याबरोबर फिरू लागलो.

शेडचं कुलूप निघालं तेव्हा दुपारचा एक वाजत होता. वरचे पत्रे उन्हानं तडतडत होते. कबुतरं एकही नाही. दोन आठवड्यांपूर्वी गर्डरवर ओळीनं बसायची. बब्रुवान पडला तिथं झाडणाऱ्या कस्तुराबाईंनी पणती ठेवलेली. झाडलोटीच्या लहान दारानं आत येऊन त्या तिच्याजवळच बसल्या होत्या.

“मावशी, एकट्या बसलाय? भ्या न्हाय वाटत?” बाईंनी विचारलं.

“कशाचं भ्या? आपलंच माणूस हाय की,” कस्तुराबाई म्हणाल्या. “रोज दुपारी येतंय. आलं की घंटी वाजवतंय. मग म्या दिवा लावते.”

“घंटी?”

“थांबा जरा. वेळ झालीया.”

आम्ही थांबलो. पश्चिमेच्या जाळीच्या बाजूनं वारा सुटला. आधी काहीच झालं नाही. मग डोक्यावर कुरकुर झाली, दातावर दात घासावा तशी, आणि तीस फुटांवरची ती अवजड क्रेन हलली. कुणी केबिनमध्ये नाही, वीज नाही. मुंगीच्या चालीनं ती आमच्याकडं आली. मी मागं सरलो. बाई जागच्या हलल्या नाहीत. क्रेन पणतीच्या बरोबर वर येऊन थांबली, थोडी डुलली आणि वरून आवाज आला.

टिण्ण.

दोन गर्डरांच्या मध्ये एक लाल गाठोडं झोके घेत होतं.

“ते काय?” बाईंनी मला विचारलं.

“देवाचा नारळ, मॅडम.”

“किती दिवसांपासून?”

“भाद्रपदापासून. शिवलिंगप्पानं बांधला असणार. लई देवभोळा माणूस आहे.”

बाईंनी मोबाईल वर धरून चार-पाच फोटो काढले. मग परत तो आवाज आला, टिण्ण. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“विरेशराव, तुमच्या गावात नारळ असा वाजतो व्हय?”

३

शिवलिंगप्पा लिंबाखाली बसला होता. बाकड्याच्या निम्म्यावरच, उरलेली सावलीची जागा मोकळी सोडून. बाई आल्या तसा तो उठला.

“कूडरी, अप्पा,” बाई कन्नडमध्ये म्हणाल्या. बसा. तो बसला, पण अंग चोरून.

“काय झालं ते सांगा.”

“दांडी मधी आणली. हुक थांबला न्हाय. म्या घंटा दाबली, वरडलो. बब्रुवाननं मान वर करून बघितलं.” त्यानं बोट छातीला लावलं. “मला बघितलं त्यानं. हुकाला न्हाय.”

बाईंनी विचारलं, “हुक फार वर गेला की आपोआप वीज तुटायला पाहिजे. लिमिट स्विच असतो. तो?”

“आधी तुटायची. भाद्रपदापासून हुक फूटभर जास्त वर जाया लागला. म्या साहेबाला इचारलं. ते म्हणले, सेटिंग वाढवलंय.”

“आणि ते लाल गाठोडं? तुम्ही बांधलं?”

शिवलिंगप्पानं मान हलवली. “माझं केबिनच्या कठड्याला हाय. दर खंडेनवमीला जुनं सोडतो, नवं बांधतो. मधलं बब्रुवानचं असंल. मला वाटलं, नवस केला असंल त्यानं. देवाचं कुणी कुणाला इचारतं का?”

इथं मी मनातल्या मनात हिशोब केला. मला वाटलं होतं शिवलिंगप्पानं बांधलं. त्याला वाटलं बब्रुवाननं. कस्तुराबाईंना वाटत होतं मालकांनी, शेडच्या बरकतीसाठी. दोन महिने चाळीस माणसं त्याच्याखाली वावरली, जाता-येता दोघा-चौघांनी नमस्कारही केला, आणि एकानंही विचारलं नाही की हे कुणाचं.

“मॅडम,” शिवलिंगप्पा म्हणाला, “लिहून टाका माझ्या नावावर. मलाबी तसंच वाटाया लागलंय. दांडी मधी आणली का न्हाय, आता सपनात बघतो तर कधी आणलेली असती, कधी न्हाय.”

“स्वप्नाचा अहवाल मी लिहीत नाही, अप्पा,” बाई म्हणाल्या. “लोखंडाचा लिहिते.”

४

गौरीशंकर साहेबांनी रोजच्या तपासणीचं रजिस्टर आधीच टेबलावर काढून ठेवलं होतं. सुरेख रजिस्टर. तार ठीक, ब्रेक ठीक, हुक ठीक, वरचा लिमिट स्विच चालवून पाहिला, ठीक. रोज सकाळी आठ वाजता, एकाच निळ्या शाईत, एकाच तिरक्या सहीत. एक दिवस चुकलेला नाही.

बाईंनी पानं उलटली. “छान आहे. मला असा विद्यार्थी कधी मिळाला नाही.”

साहेब सुखावले.

“खंडेनवमीला सुट्टी असते का तुमच्याकडं?”

“सुट्टी कसली, पूजा असते. हुक छातीपर्यंत खाली घेतो, हळदकुंकू, झेंडूचा हार. स्टोअरमधली सगळी हत्यारं मांडून त्यांनाही कुंकू लावतात. विरेशला विचारा, तोच लावतो.”

“मग त्या दिवशी यंत्र चालवतात?”

“छे छे. त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. दसऱ्याच्या सकाळपर्यंत हुक हारासकट खाली.”

बाईंनी रजिस्टर त्यांच्याकडं फिरवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “मग खंडेनवमीला सकाळी आठला लिमिट स्विच चालवून कसा पाहिलात? हारासकट वर नेला?”

साहेबांनी रजिस्टर स्वतःकडं ओढलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. दुसऱ्याची चोरी पकडली जाताना बघायला मला आवडतं, पण तोंडावर नाही.

“तुम्ही शेवटचे वर कधी चढलात?”

“तीन वर्षं झाली,” साहेब म्हणाले. “शिडीवर अर्ध्यात गेलो की गरगरतं. डोळ्यापुढं अंधारी येते. मॅडम, मेंटेनन्सचा प्रमुख आणि चढता येत नाही, हे कुणाला सांगणार? बब्रुवान चढायचा. तो ठीक म्हणाला की मी ठीक लिहायचो. कधी कधी तो म्हणायच्या आधीच.”

तेवढ्यात मालक आत आले. चहा मागवला. “झालं का, मॅडम?”

“होत आलं,” बाई जरा मोठ्यानंच म्हणाल्या. “उद्या सकाळी वर चढणार आहे. ते लाल गाठोडं सोडून बघायचंय.”

मालकांनी कप खाली ठेवला. “देवाचं आहे ते. माणसं बिथरतील.”

“मी सोडेन ना. पाप माझ्या नावावर लिहा.”

५

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं आधी स्टोअर उघडलं. पानं, दोर, कड्या, बोल्ट, सगळं जागच्या जागी. मी रोज सकाळी नजरेनं मोजतो, जशी काही माणसं माळ ओढतात. शॅकलच्या फळीशी आलो आणि थांबलो.

सात असायला पाहिजेत. आठ होते.

परत मोजले. आठ. मी रजिस्टर काढलं. आठांतला एक भाद्रपदात बब्रुवानच्या नावावर गेलेला, सात शिल्लक. दाराचं कुलूप माझ्याच हातानं निघालं होतं. खिडकीला जाळी. तरी फळीच्या टोकाला तो आठवा शॅकल पडला होता, कुणीतरी हळूच आणून ठेवावा तसा.

बब्रुवाननं आपली बाकी परत केली होती.

मी नोंद करायला पेन काढलं. ‘परत करणारा’ या रकान्यापाशी पेन अडलं.

तशीच वही काखेत मारून मी शेडकडं गेलो. बाई केव्हाच वर चढल्या होत्या, कंबरेला पट्टा बांधून. खाली मालक, गौरीशंकर साहेब, शिवलिंगप्पा, कस्तुराबाई आणि दारात घोळका. बाईंनी लाल गाठोडं हातानं हलवलं.

आवाज आला नाही.

त्यांनी आणखी जोरात हलवलं. काहीच नाही. “आज घंटी मुकी झाली, मावशी,” त्या वरून म्हणाल्या. मग त्यांनी शिवलिंगप्पाचं कठड्यावरचं गाठोडं आणि मधलं गाठोडं अशी दोन्ही सोडून पिशवीत घातली आणि खाली आल्या.

पिंपावर फळी टाकून त्यांनी दोन्ही गाठोडी उघडली. दोन्हींत नारळ. पहिला सुकलेला, हळदकुंकवानं माखलेला, शेंडीचा. दुसऱ्याला कुंकवाचा ठिपका नाही आणि शेंडीसुद्धा नाही. भाजीला फोडायच्या नारळासारखा साफ सोललेला, तिन्ही डोळे उघडे.

कस्तुराबाईंनी तोंडावर पदर धरला. “बिनशेंडीचा? देवाला?”

“अप्पा,” बाईंनी विचारलं, “असा बांधाल तुम्ही?”

“मेलो तरी न्हाय,” शिवलिंगप्पा म्हणाला.

मी पुढं झालो. न राहवून बोललो, “मॅडम, स्टोअरमध्ये एक शॅकल जास्त आहे.”

सगळे माझ्याकडं वळले. मालक हळूच म्हणाले, “स्टोअरची किल्ली कुणाकडं असते रे, विरेश?”

किल्ली माझ्या कंबरेला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लटकत होती.

६

“चला, आधी बघू तो शॅकल,” बाई म्हणाल्या, आणि वरात निघावी तसे सगळे स्टोअरकडं निघाले.

बाईंनी आठही कड्या फळीवरून काढून उन्हात मांडल्या. “मोजू नका, विरेशराव. नुसतं बघा. काय दिसतं?”

मला दिसलं. सात कड्यांवर माझ्याच बोटानं लावलेलं कुंकू होतं, वाळून तपकिरी झालेलं. आठवी कोरी.

“खंडेनवमीला ही कडी स्टोअरमध्ये नव्हती,” बाई म्हणाल्या. “भाद्रपदात बाहेर गेली, काल संध्याकाळपर्यंत बाहेरच होती. कुठं होती ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. रोज दुपारी वाजत होती.”

मग त्यांनी माझ्याकडं तराजू मागितला आणि सगळ्यांना कळेल असं सांगितलं. ड्रमजवळ लिमिट स्विचचा एक लोखंडी हात असतो. साखळीनं टांगलेलं एक वजन तो हात खाली ओढून धरतं. हुक फार वर आला की त्या वजनाला खालून उचलतो. हात हलका होतो, स्प्रिंगनं वर उडतो आणि वीज तुटते. तराजूचं पारडं रिकामं झालं की दांडी वर जाते तसंच.

“आता त्याच हाताला वेगळी चार किलोची कडी बांधली तर? हुक वजन उचलेल, पण हात खालीच. वीज तुटणार नाही. हा कालचा फोटो.” त्यांनी मोबाईल फिरवला. “साखळीचं वजन अपघातात तुटून पडलंय. हात वर असायला हवा. तरी खाली आहे. आणि हा आजचा. नारळ अर्ध्या किलोचा, हात वर आलाय.”

“पण लाल कापडात का?” दारातून कुणीतरी विचारलं.

“नुसती कडी बांधली असती तर कुणीतरी विचारलं असतं. कापडात बांधली, तुम्ही हात जोडलेत.”

गौरीशंकर साहेब भिंतीला टेकले होते. बाई त्यांच्याकडं न बघताच म्हणाल्या, “तुम्ही चढू शकत नाही. बांधली बब्रुवाननं. सांगितलं कुणी?”

“मी,” साहेब म्हणाले. “भाद्रपदात लांब दांड्याचा रोलर आला. त्याचा दांडा उभा धरून रोलरच्या तापवलेल्या पोकळ नळ्यात सोडावा लागतो. उंची फूटभर कमी पडत होती. मालक म्हणाले, एक फूट पाहिजे, कसा ते तुमचं तुम्ही बघा. मी बब्रुवानला सांगितलं, तुझं तू बघ.”

“आणि काल रात्री कडी काढून तिथं नारळ बांधायला वर कोण गेलं? सात कड्यांत आठवी कुणाच्या डोळ्यात भरणार, असं वाटलं असावं त्याला.” बाईंनी माझ्या कंबरेकडं पाहिलं. “स्टोअरला किल्ल्या किती?”

“दोन,” मी म्हणालो. “दुसरी मालकांकडं.”

“याचाच उद्योग आहे हा,” मालक माझ्याकडं बोट करून म्हणाले. “बब्रुवानशी याचं पटत नव्हतं.”

बाई हसल्या, पहिल्यांदाच. “रणधीरराव, या माणसानं कडी परत ठेवली असती तर नोंद केली असती. खुनाची कबुली असली तरी त्यानं रकाना भरला असता. नोंद न करता त्याला जेवण जात नाही. आज सकाळी हा वही घेऊन स्वतः धावत आला. आणि त्याचे आखडलेले गुडघे बघा. शिडीची तिसरी पायरी त्याला सोलापूरइतकी लांब.”

लोक हसले नाहीत. मालकांनी हात पाठीमागं नेले. “हात दाखवता का जरा?” बाई म्हणाल्या. “नारळाला बांधलेलं नवं लाल कापड घामानं रंग सोडतं. सकाळपासून माझेपण गुलाबी झालेत.” त्यांनी आपले दोन्ही तळवे पुढं केले. मालकांनी आपले केले नाहीत. पण कालच्याच पांढऱ्या शर्टाच्या बाहीची गुलाबी कड सगळ्यांना दिसली.

“मी लोखंड बांधायला सांगितलं नव्हतं,” मालक म्हणाले. “मी फक्त एक फूट मागितला होता.”

७

कस्तुराबाईंनी मध्येच विचारलं, “मग रोज चालत येतंय ते कोण?”

बाईंनी पिशवीतून बेअरिंगची एक गोळी काढली. “सकाळी वरच्या रुळावर ठेवून बघितली, मावशी. आपण होऊन घरंगळत गेली आणि तुमच्या पणतीच्या डोक्यावर थांबली. खाली काळी माती आहे. पावसात फुगते, ऊन पडलं की आक्रसते. तिथला खांब दोन बोटं खचलाय. क्रेनला रुळावर अडवून धरणारे ब्रेक झिजलेत. दुपारचा वारा ढकलतो आणि क्रेन उताराला लागते.”

कस्तुराबाईंनी ऐकून घेतलं. “तिथंच खचायचं हुतं व्हय,” एवढंच म्हणाल्या.

माझं मन हलकं झालं होतं. दोषी सापडला होता, शॅकल सापडला होता, माझी वही बरोबर निघाली होती. तेव्हा बाई म्हणाल्या, “एक राहिलंच. लिमिट बंद होता म्हणून हुक ड्रमला भिडला. पण अप्पांनी दांडी मध्ये आणल्यावर तो वर जातच का राहिला?”

त्यांनी क्रेनच्या विजेच्या पेटीतून काढलेला एक तुकडा फळीवर ठेवला. कॉन्टॅक्टर, दांडी हलवली की मोटरला वीज जोडायचं आणि तोडायचं काम त्याचं. त्याची तांब्याची टोकं जळून एकमेकांना चिकटली होती. दांडी मध्ये आली, वीज तुटलीच नाही. शिवलिंगप्पा खरं बोलत होता. तो पुढं आला, त्या काळ्या तुकड्याकडं बघत राहिला आणि खाली बसला.

“असं एकाएकी चिकटत नाही,” बाई म्हणाल्या. “आधी महिनाभर ठिणग्या मारतो. चांगल्या फिटरला कळतं. विरेशराव, बब्रुवाननं नवा मागितला होता?”

माझ्या टेबलावर तारेचा खिळा आहे. न भागलेल्या मागण्यांच्या चिठ्ठ्या मी त्याला खोचून ठेवतो. बाईंनी स्वतःच त्या उलटल्या. दोन निघाल्या, बब्रुवानच्या मोठ्या वाकड्या अक्षरात. पहिली सर्वपित्रीच्या आदल्या दिवसाची : ‘कॉन्टॅक्टर एक.’ दुसरी दसऱ्यानंतरच्या सोमवारची : ‘कॉन्टॅक्टर एक. लिमिट बांधलेली हाय. लई गरज.’ दोन्हींवर माझा शेरा लाल शाईत.

“वाचा,” बाई म्हणाल्या.

“शिल्लक एक,” मी वाचलं. “किमान साठा एक. देता येत नाही.”

पंधरा वर्षांत माझा कुठलाही साठा किमानाखाली गेला नव्हता. त्याचा मला फार अभिमान होता. दुसऱ्या चिठ्ठीच्या वेळी बब्रुवान दारात उभा राहून म्हणाला होता, “विरेशराव, फळीवर ठिवून त्येची पूजा करणार का?” मी त्याला सांगितलं होतं, नवा माल आला की पहिला तुला. त्या चिठ्ठीतली मधली ओळ मी वाचली नव्हती. मी फक्त नग किती ते वाचलं होतं.

बाईंनी मला शिव्या दिल्या नाहीत. चिठ्ठ्या पाकिटात घातल्या आणि पाकिटावर तारीख टाकली.

८

आता कुणी किती भरलं ते मांडतो.

रणधीररावांच्या शेडला सील लागलं. तिन्ही रोलर ट्रेलरवर चढून दुसरीकडं गेले, आणि खटल्यात त्यांचं नाव पहिलं आलं. गौरीशंकर साहेबांचं दुसरं. रजिस्टर पोलिसांनी नेलं. इतकं सुरेख अक्षर त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं म्हणे. शिवलिंगप्पाचं नाव कागदावरून निघालं. तो आता क्रेनवर चढत नाही. लिंबाखाली निम्म्या बाकड्यावर बसतो, डबा उघडतो आणि सवयीनं निम्मी चटणी झाकणात काढतो. जेवण झाल्यावर ती चिमण्यांना टाकतो. अणदूरच्या जत्रेची एसटी आपल्यामुळंच हुकली होती, असं हल्ली तो कुणालाही सांगतो.

कस्तुराबाई अजून दिवा लावतात, आता सील केलेल्या शेडच्या जाळीबाहेर. वर काही वाजत नाही, क्रेनच्या चाकांना लाकडी पाचरी ठोकल्यात. तरी एक वाजला की त्या मान वर करून बघतात, आणि त्यांच्याबरोबर मीही.

माझं नाव कुठल्याच कलमात बसलं नाही. बाईंच्या अहवालात माझ्यासाठी एकच वाक्य होतं : ‘सुटा भाग उपलब्ध होता.’

ते वाचून आलो त्या संध्याकाळी मी शॅकलच्या पानावर लिहिलं, परत एक, परत करणारा रणधीरराव. मग फळीवरचा शेवटचा कॉन्टॅक्टर काढून टेबलावर ठेवला आणि त्याचं पान उघडलं. नग, एक. घेणारा, बब्रुवान. शिल्लक, शून्य. सहीचा रकाना मोकळा आहे. पंधरा वर्षांत माझ्या वहीत राहिलेला तेवढा एकच, आणि ज्यानं सगळ्यांच्या वाट्याचं भरलं तो काही आता सही करायला येत नाही.